फातूच्या विहिरीची कप्पी

स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली की पंपाचं दुखणं निजाम शिकलगारला कळायचं. साताऱ्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं तो फिटर. बोलायला कंजूष, कामाला वाघ. आपल्या सरकारनं आफ्रिकेतल्या एका देशाला पाण्यासाठी कर्ज दिलं, तेव्हा पंप बसवायला कारखान्यानं त्यालाच धाडलं. कर्जाला अट होती : माल इथलाच घ्यायचा, बसवणारी माणसंही इथलीच. मदतीचं पुण्य पदरात आणि धंदाही घरात, दुसरं काय!

तिथं फातू नावाच्या म्हातारीच्या वस्तीला एकच विहीर. भाषा कळेना, पण सलामाला सलाम मिळाला आणि म्हातारीनं त्याच्या ओंजळीत भाजक्या शेंगा ओतल्या. विहिरीवर स्लॅब टाकून पंप बसवायचा होता. आता कप्पी कशाला लागतीय, म्हणत निजामनं ती खांबांसकट उपटली आणि भंगारात टाकली. पंप लावून पाणी जिभेवर घेतलं, तर मचूळ.

त्यानं लगेच मॅनेजर इंद्रजितना फोन लावला.

"सायेब, ह्या मचूळ पान्यात आपल्या पंपातला बिडाचा पंखा सा म्हयनं बी टिकायचा न्हाई. हितल्या बाजारात पितळी मिळतोय, त्यो घालू का?"

"तिथला माल करारात बसत नाही. पाणी पडलं ना? मग सही कर आणि ये."

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर निजामनं सही केली. नळाभोवती बाया नाचत होत्या आणि त्याला मान वर करवेना.

पाचव्या महिन्यात तिथल्या कामावरच्या ड्रायव्हरचा फोन आला. दुबईला राहून तो हिंदी शिकला होता. पाण्यानं पंखा खाल्ला होता, पंप बंद. नवा पंखा साताऱ्याहूनच यायचा, तो आलाच नाही. शेवटी बायांनी पहारीनं स्लॅब फोडला आणि काठावर वाकून हातानं दोर ओढू लागल्या. फातूची सून तोल जाऊन आत पडली. वर काढेपर्यंत ती गेली होती.

त्याच आठवड्यात कारखान्यात पेढे वाटले. त्या देशाची दुसरी मागणी आली होती. तेच पंप, तोच बिडाचा पंखा.

निजामनं पेढा तसाच घरी आणला. जेवला नाही. बायकोला, अकिलाला, सगळं सांगितलं.

"आवं, तुमचा काय गुन्हा? सही सायबानं करायला लावली."

"सही सायबाची म्हन," निजाम म्हणाला. "कप्पी उपटून टाक म्हनून मला कुनी बी सांगितलं नव्हतं गं. ती ऱ्हाऊ दिली आसती, तर पोर आज पानी भरत आसती."