वर्षाचं नाव माथ्यावर

सोराइदा यामोकाला वर्षांचे आकडे कधीच लक्षात राहिले नाहीत. तिला पाठ होती वर्षांची नावं. पेरू देशात दर जानेवारीला सरकार नव्या वर्षाचं बारसं करतं आणि मग वर्षभर प्रत्येक सरकारी कागदाच्या माथ्यावर ते नाव छापावंच लागतं. तिची थोरली मुलगी जन्मली 'साक्षरतेच्या वर्षी', आणि घराचं छप्पर उडालं ते 'स्थैर्याच्या वर्षी'. हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की ऐकणाऱ्याला हसायचीही चोरी.

याकुपाता गावच्या शाळेत ती कारकून होती. शाळा एवढीशी, मास्तर दोनच. पण तिथून निघालेला छापील तक्ता मात्र राजधानीत शोभावा असा. एक्सेलमध्ये मुलांची नावं काय, कुणीही भरील. खरं काम त्यानंतर सुरू होतं, असं तिचं ठाम मत. वरच्या समासात, म्हणजे हेडरमध्ये, तीन कप्पे: डावीकडे शाळेचं चिन्ह, मधे वर्षाचं नाव, उजवीकडे गाव. खालच्या समासात पानाचा क्रमांक आणि छापल्याची तारीख. ती म्हणायची, "बिनडोक्याचा नि बिनपायाचा कागद कचेरीच्या दारापर्यंतही चालत जात नाही."

धाकटे माउरो मास्तर तिला मानानं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचे आणि चिडवायचेही. "दोन्या सोराइदा, माझ्याही डोक्यावर काहीतरी छापा. टक्कल पडत चाललंय."

"छापीन हो, पण वाचणार कोण? बायको तर अजून मिळत नाही तुम्हाला!"

या हेडरची एक खोड आहे. काम करताना ते पडद्यावर दिसत नाही, कागद छापून बाहेर आला की मगच तोंड दाखवतं. त्यामुळे नवं वर्ष लागलं तरी अख्ख्या प्रांताचे कागद गेल्या वर्षाचं नाव मिरवत फिरत असायचे. आणि प्रांताच्या शिक्षण कचेरीत, खिडकीपाशी, बासिलियो नावाचा गृहस्थ त्यांच्यावर टपून बसलेला असायचा. 'दुरुस्तीसाठी परत' हा लाल शिक्का तो असा हाणायचा की खिडकीची काच थरथरायची. सोराइदाच्या कागदावर तो शिक्का कधी उमटलाच नव्हता.

"यंदाही नाही?" तो खट्टू होऊन विचारायचा.

"माझी वाट बघून तुमची शाई वाळेल," असं म्हणत ती भाजलेल्या मक्याची पुडी खिडकीतून आत सरकवायची. भांडण असं मक्यावर मिटायचं.

गेलं वर्ष होतं 'रस्त्यांचं आणि ऐक्याचं वर्ष'. नेमका त्याच वर्षी याकुपाताचा रस्ता नदीत वाहून गेला. सोराइदाचा नवरा आन्सेल्मो हे भेटेल त्याला सांगत सुटला. "सरकारनं नाव ठेवलं आणि नदीनं नावं ठेवली!" आपल्याच विनोदावर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. बटाटे काढून झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आन्सेल्मो छातीच्या दुखण्यानं गेला.

मार्चमध्ये मुलांची यादी कचेरीत द्यायची होती. पट भरला नाही तर दुसऱ्या मास्तरांची जागा दुसऱ्या गावाला जाणार. म्हणजे माउरो मास्तर जाणार आणि सगळ्या इयत्ता एकट्या थोरल्या मास्तरांच्या गळ्यात पडणार. मुलं पुरेशी होती. यादी शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पोचली की झालं. पण वीज त्याच आठवड्यात गायब झाली, आणि आली तेव्हा प्रांताच्या मुख्य गावाला जाणारी गाडी दारात भोंगा वाजवत उभी. सोराइदानं कागद छापले, न बघताच फाइलीत घातले आणि धावत जाऊन गाडीत बसली.

बासिलियोनं पहिला कागद पाहून मान डोलावली. दुसऱ्यावर मात्र चष्मा कपाळावर चढवला.

"दोन्या सोराइदा, यंदाचं वर्ष कुठलं?"

"पाणी जपण्याचं. आत्ता झोपेतून उठलात की काय?"

त्यानं कागद तिच्याकडे फिरवला. लहान इयत्तांच्या तक्त्यावर पाणी होतं. मोठ्या इयत्तांच्या तक्त्यावर अजून रस्ते आणि ऐक्यच. एक्सेलच्या एका फाइलीत दोन तक्ते असले की प्रत्येकाचं हेडर वेगवेगळं बदलावं लागतं, हे तिनंच साऱ्यांना शिकवलेलं.

"मुलं तर यंदाचीच आहेत ना?"

"मुलं यंदाची, कागद गेल्या वर्षीचा. असाच वर पाठवला तर अर्धीच मुलं मोजतील. गेला तुमचा मास्तर." बासिलियोनं शिक्का उचलला.

रांगेत कुणीतरी हसलं. "चला, बाईंचंही डोकं चुकलं एकदाचं!"

"मारा," सोराइदा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असता तर मीच म्हटलं असतं, मारा. पण मी विसरले नव्हते हो. पहिल्या तक्त्यावरचं नाव पुसलं. दुसऱ्यावरचं पुसायला गेले आणि हात चालेना. आन्सेल्मो त्या वर्षात होता. या नव्यात तो नाहीच. म्हटलं, उद्या करू. ते राहूनच गेलं."

शिक्का हवेतच राहिला. मग बासिलियोनं खिडकी धाडकन लावून घेतली. रांग ओरडायला लागली. सोराइदा तिथंच उभी राहिली; माउरो मास्तरांना काय सांगायचं ते तिला सुचेना.

शेजारचं दार किलकिलं झालं आणि बासिलियो डोकावला. "आत या. आमचा संगणक म्हातारा आहे, तुम्हीच चालवा. आणि लवकर, माझं जेवण थंड होतंय."

पेनड्राइव्ह तिच्या गळ्यातच असायचा, घराच्या किल्लीबरोबर लोकरीच्या दोरीत. तिनं फाइल उघडली, हेडरचा मधला कप्पा उघडला आणि शेवटून एकेक अक्षर पुसत गेली. 'वर्ष' गेलं, 'ऐक्याचं' गेलं. 'रस्त्यांचं' पुसताना तिला आन्सेल्मोचं ते हसणं ऐकू आलं आणि ती रडायला लागली. बासिलियो भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिला, बराच वेळ. मग तिनं डोळे कोरडे केले, पाणी जपण्याचं वर्ष लिहिलं आणि कागद छापला. या वेळी डोकं बघितलं, पाय बघितले, मगच पुढे केला. बासिलियोनं 'मिळाले' असा निळा शिक्का मारला. माउरो मास्तर याकुपातातच राहिले.

चुकलेला कागद टेबलावर पडला होता. नियमानं त्यावर लाल शिक्का मारून तो दप्तरात लावायचा. बासिलियोनं त्याची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"गेल्या वर्षीचा कागद आहे. कचेरीला काय उपयोग?"

परतीच्या गाडीत तिनं घडी उघडली. माथ्यावर आन्सेल्मोचं वर्ष होतं आणि पायाशी आजची तारीख. शिक्का कुठेच नव्हता.