दोन मुठींची करवत

हस्तकलेच्या बाई शाळेत कुणाला आवडत नसत, आणि त्यांनाही फारसं कुणी आवडत नसे. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव पडलं होतं करवतबाई. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्या मुलांकडून बाक, शिड्या, पाखरांसाठी खोकी करून घेत. ज्यांचं आपसात पटत नाही, त्यांनाच मुद्दाम एकत्र जुंपत.

पाचवीतल्या दोन मुली महिनाभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. एक इंजिनिअरची, दुसरी शाळेच्या शिपायाची. बाईंनी त्यांना दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब करवत दिली.

"आपल्याकडे ओढायची, मग हात सैल सोडायचा. ढकलायची नाही."

इंजिनिअरच्या मुलीने रागाच्या भरात ढकललीच. पातं वाकून उसळलं. तिच्या अंगठ्याला दोन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मुलीला घेऊन मुख्याध्यापिकांसमोर उभा. "ह्या शिक्षिका आहेत की मुकादम? माझी मुलगी लाकडं फोडायला येते का इथे?"

"हातमोजे दिले नाहीत, ती माझी चूक," बाई म्हणाल्या. "बाकी काही चुकलं नाही."

"बघा, वर तोंड करून बोलतायत! त्या शिपायाच्या पोरीनेच मुद्दाम केलं असणार."

"नाही, मी ढकलली," मुलगी मान खाली घालून म्हणाली. "ती ओढतच होती."

इंजिनिअरचा चेहरा उतरला, आणि म्हणूनच तो आणखी भडकला. मुख्याध्यापिकांनी माफीनामा लिहून मागितला. बाईंनी राजीनामा लिहून दिला. निघताना त्यांना कुणी साधं 'या' म्हटलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "आता तरी गप्प बसशील?"

त्या बसल्या नाहीत. घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दर रविवारी मुलं जमवू लागल्या. ठोकाठोकीने शेजारी वैतागले; एकाने पोलिसात तक्रारही केली. तिसऱ्या रविवारी त्या दोन्ही मुली आल्या आणि तोंडं फिरवून उभ्या राहिल्या. बाईंनी प्लॉटच्या फाटकाबाहेर पडलेल्या एका जड फळीकडे बोट दाखवलं. "आत न्या."

"हिच्याबरोबर?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"मग एकटीने न्या."

फळी फाटकातून आडवी न्यायची की उभी, यावर दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं. बाई मध्ये पडल्या नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या एकमेकींशी बोलत होत्या.