तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दिवसभर साठ-पासष्ट पोरांना अंतर्गोल आरसा समजावून घरी आलं की माणसाला कुणाला तरी गोळ्या घालाव्याशा वाटतात. कुणाला ते विचारू नका, आमच्या मुख्याध्यापक बाई वाचतील. म्हणून मला गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे होता. आता तो माझ्याकडं आहे आणि झकास चालतो, पण तो घरात कसा आला हे मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

एकोणतीस वर्षांची बाई, लग्नाचा पत्ता नाही, आणि पगारातून पहिली मोठी खरेदी कसली, तर गेम खेळायचा कॉम्प्युटर! समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "तेवढ्यात एक गंठण झालं असतं की." झालं असतं. पण गंठणावर गेम चालत नाही. वर्गात मी पोरांना ओरडून सांगते, गेम खेळून डोळे जातील, डोकं सडेल. आणि घरी स्वतः मोबाइलवर अंगठे दुखेपर्यंत खेळत बसते. सोलापूरच्या मे महिन्यात तो मोबाइल इतका तापायचा की त्यावर पापड भाजला असता.

तयार कॉम्प्युटर महाग पडतो. सुटे भाग आणून घरी जोडला तर त्याच पैशात बरा होतो, एवढं मला दोन महिने व्हिडिओ बघून कळलं होतं. सगळी गणना करणारा प्रोसेसर, तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड, चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क, वीज पुरवणारा डबा आणि हे सगळं पोटात घेणारं कॅबिनेट. साठ हजारांत बसवायचं होतं. मी छान यादी केली. प्रोसेसर दोन कंपन्यांचे चालण्यासारखे होते, म्हणून 'हा किंवा तो' असं लिहिलं आणि खाली 'त्याला बसणारा मदरबोर्ड' असं. माझ्या मते यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

त्याच सुमारास आई स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या वडलांना कायतरी काम दे गं बाई, न्हायतर मी जेऊरला माहेरी जाते."

अण्णा हिवाळ्यात रिटायर झाले होते. मूळचे मोडनिंबचे, शेतकऱ्याचं पोर, पण सगळी नोकरी एका सरकारी ऑफिसात, भांडार शाखेत. म्हणजे टेबल-खुर्च्यांपासून टाचण्यांपर्यंत काय घ्यायचं असेल ते अण्णांच्या हातून. रिटायर झाल्यावर पहिला महिना ते झोपले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी आईचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डब्यांना नंबर टाकले. शेंगदाणे संपले म्हटलं की "मागच्या आठवड्यात एक किलो दिले हुते, त्याचं काय झालं?" असं विचारायचे. त्याचं काय होतं सोलापुरात? चटणी होते! आईचं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्यांच्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती आणि ती ते दूधवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायचे. "तेहतीस वर्षांत माझ्या एका फायलीला ऑडिटचा आक्षेप आला न्हाय." ऐकणारे "वा, वा" म्हणायचे आणि सुटायचे. मी तर वाक्य सुरू झालं की तोंडातल्या तोंडात ते पूर्ण करायचे. पण खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर माणूस उभा होता. ऑफिस गेलं, टेबल गेलं, "साहेब" म्हणणारे गेले, आणि हे वाक्य तेवढं राहिलं.

मी यादी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "अण्णा, ही खरेदी तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून तयार. नवी फाइल आणली होती. तिच्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'विषय : संगणक (खेळण्याचा) खरेदी करणेबाबत.' मी हसले, तर म्हणाले, "हसू नको. विषय सपष्ट पायजे."

मग तीन कोटेशनं. वस्तू कुठलीही असो, तीन दुकानांतून मोहोरबंद पाकिटातून दर आल्याशिवाय अण्णांना एक खिळाही विकत घेता येत नाही. नवी पेठेतला दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याला वाटलं काका सरकारी कामाला आलेत. तो आपला मदतीच्या भावनेनं म्हणाला, "काका, तीन पाहिजेत ना? तिन्ही मीच देतो की. दुसऱ्या दुकानांचे लेटरहेड आहेत माझ्याकडं." बिचाऱ्याचं काय चुकलं? सगळीकडं असंच चालतं. पण अण्णांचा पारा चढला. सरकारी पैसा, पापाचा पैसा, तुमची पिढी, असं पंधरा मिनिटं गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडलं. ते घरचे पैसे होते हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी त्यानं आपले एकट्याचे दर पाकिटात घालून दिले.

सात रस्त्याजवळच्या दुकानात मालक फोनवर कुणाशी तरी तेलुगूत भांडत होता. त्यानं भांडता भांडता एका हातानं दर लिहून दिले. विजापूर रोडच्या दुकानदारानं विचारलं, "चाचा, गेम कौन खेलने वाला है? पोता?"

"माझी पोरगी. हायस्कुलात टीचर हाय."

त्यावर त्यानं घाईघाईनं दर लिहायला घेतले म्हणे. अण्णांनी मग त्याला विचारलं, "ह्या कॅबिनेटला पंखे किती?"

"पाँच."

"पाच? आमच्या अख्ख्या घरात चार हायती, त्यातला बी एक बंद."

पाकिटं फोडायला घरी समिती बसली. अण्णा, आई आणि मी. आईचे हात पिठाचे. ती म्हणाली, "मला भाकऱ्या टाकायच्यात, सही कुटं करायची तेवढं सांगा." तिच्या सहीवर पिठाचा अंगठाही उमटला. मी दहावीचे पेपर तपासत होते, समोर गठ्ठा, अंगाला घाम. अण्णांनी रेघा मारून तुलनात्मक तक्ता केला होता. आडव्या ओळीत वस्तू, उभ्या रकान्यात दुकानं आणि प्रत्येक ओळीतल्या सगळ्यात कमी दराभोवती लाल गोल. "बघून घे," म्हणाले. समितीवरची माणसं करतात तेच मी केलं. न वाचता सही ठोकली आणि पुढचा पेपर ओढला.

लाल गोल जिथं, तिथली वस्तू. हा अण्णांचा आयुष्यभराचा नियम. प्रोसेसर विजापूर रोडवाल्याकडं स्वस्त, तो तिथून आणला. मदरबोर्ड नवी पेठवाल्याकडं स्वस्त, तो तिथून. चार दिवस स्कूटरवरून शहरभर फिरून त्यांनी सात खोकी घरी आणली आणि पावत्या फाइलला लावल्या. सगळं मिळून साठ हजारांच्या आत आलं होतं. इतके खूश होते की आईला म्हणाले, "शेंगदाणे घे तुला पायजेत तेवढे."

रविवारी सकाळी मी जमिनीवर चटई टाकून जोडायला बसले. अण्णा शेजारी खुर्चीत, चष्मा लावून. मी मदरबोर्डचं सील फोडलं, प्रोसेसरच्या खोबणीवरचं झाकण उचललं. खोबणीत बारीक बारीक पिना. मग प्रोसेसर डबीतून काढून उलटा केला. त्याच्याही पोटाला पिना. दोन्हीकडं पिना असून कसं बसणार? प्रोसेसर एका कंपनीचा आणि बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरला बसणारा.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"हा ह्यात बसत नाही."

"जरा दाबून बघ की."

"अण्णा, दाबून काय बघ? ही काय बाटलीची टोपी आहे? दोन वेगळ्या दुकानांतून का आणलंत हे?"

"दर कमी हुता. तक्त्यात हाय की." मग जरा अडखळत म्हणाले, "टेबल एकाकडचं आन खुर्ची दुसऱ्याकडची, असं आमी कायम घेतलं. कदी काय झालं न्हाय."

तेव्हा माझी जीभ सुटली. मला राग आला की मी माणूस राहत नाही, हे आमच्या शाळेत पोरांनाही माहीत आहे. म्हटलं, "तेहतीस वर्षं आक्षेप आला नाही, आक्षेप आला नाही, ऐकून कान किटले माझे! आणलेली वस्तू चालली का, हे कधी कुणी विचारलं का तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "ते कुणी इचारलं न्हाय."

आणि उठून गॅलरीत गेले. आई दारात उभी होती. "झालं समाधान?" तिनं विचारलं. त्या तक्त्यावर माझी सही होती, हे मला तेव्हाही आठवत होतं आणि मी ते बोलले नाही. हा नीचपणा होता, दुसरा शब्द नाही त्याला.

अण्णांनी फाइल कपाटावर टाकली. तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत, दूधवाल्याशीसुद्धा. डब्यांचे नंबर बघितले नाहीत. आई दर तासाला त्यांच्याकडं बघून यायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी नवी पेठेत फोन केला. बोर्डाचं सील फोडलंय, परत घेता येणार नाही, असं तिकडून सांगितलं. मी फोनवरही भांडले. उपयोग शून्य. आईला म्हटलं, जाऊ दे, दिवाळीला दुसरा बोर्ड घेईन. अण्णा आत पडून होते, त्यांनी ते ऐकलं असणार.

बुधवारी शाळा लवकर सुटली. स्कूटीवरून नवी पेठेतून येत होते, तर त्या दुकानासमोर अण्णांची स्कूटर दिसली. मी पलीकडं रसाच्या गाड्याआड थांबले आणि मग हळूच दुकानाच्या दाराशी गेले.

अण्णा काउंटरपाशी उभे होते. बाजूला स्टूल रिकामं होतं, पण त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ज्या माणसाच्या टेबलासमोर दुकानदार तास तास बाकावर बसून राहायचे, तो माणूस पोराच्या वयाच्या दुकानदाराला म्हणत होता, "साहेब, चूक माझी हाय. पोरीनं बरोबर लिहून दिलं हुतं. मला ह्यातलं कळत न्हाय, आन मी कुणाला इचारलं बी न्हाय."

"काका, सील फोडलंय. मी काय करू?"

"तुमचं नुकसान करू नका. काय वर लागंल ते मी देतो. आन त्या दिवशी तुमाला चार लोकांत लई बोललो, ते बी चुकलं माझं."

आणि त्यांनी हात जोडले. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती, ती बघत होती.

आत जावं, त्या दुकानदाराला दोन सुनवाव्यात, सही माझीही होती हे ओरडून सांगावं, असं सगळं मला एकदम वाटलं. पण मी आत गेले असते, तर मी बघितलं हे अण्णांना कळलं असतं. मी मागं फिरले. घरापर्यंत रडत आले. हेल्मेटचा तेवढा एक फायदा असतो.

दीड वाजता अण्णा आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातात नवं खोकं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा.

"घे. दिला बदलून. फोनवर न्हाय म्हणत हुता ना? मी गेलो, तर वळख निघाली. त्याचा चुलता आमच्या मोडनिंबचा! उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणला, साहेब, तुमी कशाला उनाचं आलात, नुसता निरोप धाडायचा."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी कुणाची थाप कधी पचू दिलेली नाही. वर्गात नाही, घरात तर नाहीच.

"मग काय," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः गेल्यावर तो नाही कसा म्हणेल, अण्णा?"

"त्येच की," अण्णा म्हणाले, आणि चपला काढायला खाली वाकले. चपला कधीच निघाल्या होत्या, तरी ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.