ईशान्येचा पॉइंट

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली आणि घरातल्या तिघांचे व्हिसा माझ्या एकटीच्या नोकरीवर आले. मी टॉवर बांधणारी इंजिनिअर. पण टॉवरच थांबले, म्हणून कंपनीने मला दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या दुरुस्तीवर पाठवलं. निम्मे फ्लॅट रिकामे. मालकाच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलं, आधी एक फ्लॅट नमुन्याला करा. तो भाड्याने गेला तर बाकीचे, नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे मी घरी, आणि आम्ही तिघंही पुण्याला परत.

ड्रॉइंग बघून माझं डोकंच फिरलं. हॉलमधले सगळे प्लग पॉइंट पूर्वेच्या भिंतीवर मधोमध, टीव्हीसाठी. अहो, इथे राहायला येणार कोण? शाळा जवळ म्हणून आपलीच माणसं. ती पूर्वेला देव मांडणार, टीव्ही समोर नेणार, आणि घरभर एक्स्टेंशनच्या वायरी लोंबकळणार. आमच्या घरात तरी वेगळं काय होतं!

टीव्हीचे पॉइंट मी सरळ पश्चिमेला हलवले. ईशान्येच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर एक छोटा पॉइंट दिला, बटण वेगळं. कोपऱ्यात कॉलम होता. तो फोडायचा नसतो. म्हणून वीतभर बाजूला भिंतीत खाच पाडून छतापासून वायरीचा पाइप खाली उतरवला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, यहाँ क्या लगेगा?"

"जिसका घर होगा, वो समझेगा."

फ्लॅट गेला नाही तर तुम्ही जाल, असं त्याने ऐकवलं. जाईन की, म्हटलं.

पहिल्या दोन कुटुंबांनी नाक मुरडलं. मग ठाण्याकडचं एक जोडपं आलं. नवरा नळ सोडून बघत होता, एसी ठोकून बघत होता. बायको तडक कोपऱ्यात गेली, बटण खालीवर केलं, भिंतीवरून हात फिरवला.

"अहो, आपले देव इथे बसतील."

झालं! नवऱ्याने पुढची खोलीसुद्धा पाहिली नाही. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास, हो गया. यल्ला, चलो, सब फ्लॅट में ऐसा ही करो." मी जिन्यात गेले आणि एकटीच खदाखदा हसले. जिंकले होते मी, काय समजलात!

घरी येऊन लेकीला सांगितलं, अख्खी बिल्डिंग मिळाली. तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"सो, वी आर नॉट गोइंग बॅक?"

"नाही गं."

ती उठली, पलंगाखालून खोकं ओढलं आणि त्यात कधीच भरून ठेवलेली पुस्तकं एकेक करून फळीवर लावायला लागली.