दरेकसावालीचा फेर

पुतण्यानं उंबऱ्यातूनच सांगितलं, "काकी, माय गेली." मी तांदूळ निवडत होते, ती तशीच निवडत राहिले… पोराला पाणी विचारायचंही सुचलं नाही. महिना होऊन गेला, अजून कुणाकडे बोलले नाही.

त्याची माय म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात. ती दरेकसावाली, मी मोरगाववाली. बिरसीला गोरे लोक विमानांसाठी जमीन सपाट करत होते, त्या लढाईच्या वर्षांत मी जवळच्याच गावात सून होऊन आले. चौथी शिकलेली, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. रोवणीच्या दिवसांत बाया संध्याकाळी आमच्या अंगणात हातात हात गुंफून फेर धरायच्या, दिवसभर धान लावून मोडलेली कंबर सरळ करायच्या. आणि ही विद्वान, म्हणजे मी, ओसरीवर बसून नाक मुरडायची. तेव्हाच कुणीतरी तिला बांधीतल्या चिखलात लोटायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला पहिलं मूल झालं, आणि पाचवी पुजायच्या आधीच गेलं. रडू आलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडले, ती पडूनच राहिले. वैद्याचा काढा झाला, भगताचा अंगारा झाला. पाऊस लागला तरी मी उठेना, तेव्हा सासूबाईंनी माझ्या बाबांना निरोप धाडला, पोरीला घेऊन जा. त्याचा अर्थ घरात दुसरी येणार. मला सगळं ऐकू येत होतं, पण कूससुद्धा बदलावीशी वाटत नव्हती.

एका संध्याकाळी दरेकसावाली शेतातून चिखलाच्या पायांनी थेट माझ्या खोलीत आली.

"कायले पडून राहिली वो? डोळ्यातून येत नसन तं पायानं रड."

दंडाला धरून तिनं मला फेरात उभं केलं. आता गंमत अशी की रोवणीत बाई मागे मागे सरते, आणि माहेरी मी तेवढंच केलेलं. गाणं सुरू झालं तसे माझे पाय आपसूक मागे निघाले. फेर पुढे, मी मागे. तिघी-चौघी एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"हे बाई तं नाचातही धान लावून राहिली," दरेकसावाली म्हणाली.

मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, ते थांबेना… तिनं मात्र पाय थांबू दिले नाहीत. त्या रात्री झोप लागली. सकाळी मी स्वतःहून पेज मागितली. मग रोजच संध्याकाळी फेर. पायांत बळ आलं, छातीवरचा धोंडा थोडा थोडा सरकला. बाबा बैलांची रेंगी जुंपून आले तेव्हा मी अंगणात घामाघूम होते. "जेवून जा, बाबा. पोरगी कामात हाय," दरेकसावालीनंच सांगून टाकलं. बाबा जेवले, माझ्याकडे बराच वेळ बघत बसले आणि रिकामी रेंगी घेऊन परतले.

आता सकाळी गुडघे धरतात. मी दाराची चौकट धरून जागच्या जागी फेराची पावलं टाकते. नातसुना हसतात, हसू देत. गाण्यात एक ओळ माझी, त्या ओळीला उत्तर दरेकसावालीचं, असंच आमचं आयुष्यभर चाललं. मी माझी ओळ म्हणते आणि थांबते. पलीकडून काही येत नाही. पाय मात्र तेवढा वेळ चालूच राहतात…