सूट घालून फर्स्ट शिफ्टला

सकाळी साडेसहाला आमच्या नाक्यावरून एमआयडीसीची शेअर रिक्षा सुटायची. मागे चौघं कोंबलेले, आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा आत अर्धा बाहेर, एक माणूस सूट-टाय घालून बसलेला. तोही मे महिन्यात! एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हाताने कोटाची कड वर धरलेली, धूळ लागू नये म्हणून. अख्खं अंबरनाथ बघायचं. तो आमचा दादा. म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा. त्याचे आईवडील गावाला, आणि आयटीआय झाल्यापासून तो आमच्याकडेच राहायचा. पप्पा कामाला होते त्याच रंगाच्या कंपनीत, बी प्लांटला ऑपरेटर. चाळीने त्याचं नाव बॅरिस्टर ठेवलं होतं. कौतुकाने नाही हं, टोमणा म्हणून.

आणि हा माणूस आधी कसा होता माहितीये? गंजी आणि बर्म्युडा. बास. लग्नाला जायचं असलं तर वरून शर्ट, तोही वरची तीन बटणं उघडी. पायात स्लिपर, त्यातली एक सेफ्टी पिन लावून जोडलेली. आई ओरडायची, "अरे, माणसात बसायचे कपडे घाल." हा म्हणायचा, "काकी, माणसं मला ओळखतात, कपड्यांना कोण ओळखतं?" आणि असा माणूस एका सोमवारी पडद्यामागून ब्राऊन सूट घालून बाहेर आला. माझ्या हातातला चहा सांडला, खरंच.

सूट आणला होता उल्हासनगरहून, पाच नंबर कॅम्पातल्या एका सिंधी टेलरकडून. कुणीतरी लग्नासाठी शिवायला टाकलेला आणि न्यायलाच आला नाही. टेलर म्हणाला, "ले जा साईं, दूल्हा नहीं आया, तू आ गया." पुढच्या महिन्यात ग्रे पण आला. तोही कुठल्यातरी न आलेल्या नवऱ्याचाच.

मग संशय सुरू. मी तेव्हा अकरावीला होते आणि संशय घेण्यात माझा पहिला नंबर होता. आईला वाटलं मुलगी आहे. समोरच्या मावशींना वाटलं चेन सिस्टिम, म्हणजे साबण-शॅम्पू विकायचे आणि खाली माणसं जोडायची. त्या रोज दारातून ओरडायच्या, "काय रे बॅरिस्टर, आम्हाला कधी जोडतोस?" तो हात जोडून म्हणायचा, "मावशी, तुम्ही आधीच सगळ्यांशी जोडलेल्या आहात." मला वाटायचं दुबई. रात्री झोपेत तो अरबी बोलतो का ते मी ऐकत राहायचे. घोरायचा फक्त.

पप्पांचा संशय मात्र वेगळा होता आणि तो हसण्यावारी न्यायचा नव्हता. त्या वर्षी कंपनीत पगारवाढीचा करार व्हायचा होता. कामगारांच्या वतीने मॅनेजरशी बोलायला पाच जणांची कमिटी, त्यात दादा सगळ्यात लहान. आणि नेमका तोच सूट घालायला लागला. पप्पा म्हणाले, "मालकाने माणूस विकत घेतला की आधी त्याचे कपडे बदलतात."

तसं दादाने कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काही लपवलं नव्हतं. मॅनेजर कधीही बोलवायचा आणि हे पाच जण प्लांटमधून उठून तसेच जायचे, हात पिवळे, कपड्यांवर रंगाचे डाग. केबिनमध्ये पायपुसण्याच्या पुढे कोणी येऊ द्यायचं नाही. एकदा तासभर उभं ठेवलं आणि मॅनेजरने मान वर केली नाही. दादा म्हणाला, "काका, उभं राहून बोललं की विनंती होते. बसून बोललं की बोलणी होतात. सूटवाल्याला कोणी उभं ठेवत नाही." म्हणून लॉकरमध्ये सूट. बोलावणं आलं की हात घासायचे, कपडे बदलायचे, मग जायचं.

"मग येताजाता कशाला घालतोस?" पप्पांनी विचारलं.

"सवय. नुसता तिथे घातला तर भाड्याचा दिसतो. कोट अंगावर नाही, अंगात दिसायला पाहिजे."

खरंच सवय करत होता तो. एकदा आम्ही सगळे बारवी डॅमच्या बाजूला सहलीला गेलो, तर हा तिथेही सूटमध्ये! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा, टाय खांद्यावर टाकलेली, आणि पोरं चारी बाजूंनी पाणी उडवतायत. एकाने विचारलं, "साहेब, मासे मोजायला आलात का?" दादा गंभीरपणे म्हणाला, "नाही, त्यांच्या मागण्या ऐकायला." मी हसून हसून दगडावरून घसरले. पप्पा हसले नाहीत. ते त्याच्याकडे बघत राहिले.

एकदा जेवताना मात्र त्यांचा आवाज चढला. दादा भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला होता, "आपल्या घरात कोट काय नवीन आहे का काका? बघा की." पप्पा म्हणाले, "तो कोट शिकून घातलेला आहे. तू काय शिकलास? आयटीआय." दादाने भात कालवला. मग हळूच म्हणाला, "मग शिकेपर्यंत उभंच राहायचं का?" आईने सगळ्यांना आमटी वाढली, कोणी मागितलेली नसताना.

त्यानंतर गेटची गोष्ट झाली. सुट्टी झाली की कंपनीच्या गेटवर प्रत्येक कामगाराची झडती व्हायची, हात वर करून, डबा उघडून. दादा घरी येऊन मोठ्याने सांगत होता, "काका, आज वॉचमन नवीन होता. मला सॅल्यूट मारला राव! झडती नाहीच!" तो हसतोय आणि पप्पांनी भाकरी खाली ठेवली. ते त्याच्या मागेच लाईनमध्ये होते. हात वर करून. त्यांनी ते सगळं बघितलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते. मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी दादा क्रिकेटला गेला, बर्म्युडावर, आणि मी खुंटीवरच्या ग्रे कोटाचे खिसे तपासले. एक पिवळट रुमाल, एक कंगवा आणि आतल्या खिशात एक कार्ड. कंपनीच्या मॅनेजरचं! गुळगुळीत, जाड. मागे पेनाने घरचा फोन नंबर लिहिलेला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं नाही मला, मजा वाटली. पकडलं म्हणून. मी ते कार्ड नेऊन पप्पांच्या हातात दिलं.

पप्पांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "तू काही बघितलेलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी गेट मीटिंग होती, कंपनीच्या दारात सगळ्या कामगारांची. पप्पा घरी येऊन आईला सगळं सांगत होते आणि मी मोरीत भांडी घासत ऐकत होते. आधी मागून कोणीतरी ओरडलं, "ए बॅरिस्टर, कोट काढ, मग बोल!" दादा म्हणाला, "काढतो. पण मग आत पुन्हा उभंच राहायचं का आपण?" दोघा-चौघांनी मान डोलावली. तेव्हा पप्पांनी कार्ड वर धरलं. दादाने तिथल्या तिथे सांगितलं की आधीचा मॅनेजर बदलला, हा नवीन आहे, पॅसेजमध्ये सूट बघून त्याला वाटलं रंग घ्यायला पार्टी आली. आत नेलं, बसवलं, चहा दिला, कार्ड दिलं, वर घरचा नंबर पण. चहा संपल्यावर दादाने सांगितलं, साहेब, मी बी प्लांटचा ऑपरेटर.

"मग कार्ड परत का नाही दिलं?" पप्पांनी विचारलं.

"त्यांनी मागितलं नाही."

लोक हसले. कोणाचाच विश्वास बसला नाही. दादाने लोकांकडे बघितलंच नाही. पप्पांना म्हणाला, "काका, तुम्ही माझे खिसे तपासता?"

"आणि मी म्हटलं, हो," पप्पा आईला सांगत होते.

माझ्या हातातला टोप तसाच राहिला. नळ चालू.

दादाला कमिटीतून काढलं आणि त्याच्या जागी लोकांनी पप्पांना घेतलं. पुढच्या बोलणीला पप्पा कामाच्याच कपड्यांत गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मग म्हणाले, "पाच खुर्च्या मांडल्या होत्या." आईने विचारलं, "मग?" "मग काय. बसलो." नव्या मॅनेजरला कुणाला उभं ठेवायचं आणि कुणाला नाही याचा घोळ नको असेल बहुतेक. एकदा कामगाराला चहा पाजून बसला होता ना! दादा तेव्हा पडद्यामागे इस्त्री करत होता. त्याने ऐकलं असणार. इस्त्री थांबली नाही.

करार झाला. बरा झाला. दोन महिन्यांनी दादा वापीला गेला, तिथल्या कंपनीत नोकरी बघून. जाताना आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली, पप्पांना "येतो" एवढंच. पप्पा म्हणाले, "पोचल्यावर कळव." त्याने कळवलं, पण आईच्या नावाने.

अजून पत्रं येतात. आता तो सुपरवायझर आहे, त्याचं लग्न झालंय, लग्नाचा सूट त्याने स्वतःच्या मापाचा शिवला. पत्रात आईची चौकशी असते, माझ्या नोकरीची असते, समोरच्या मावशींचीसुद्धा असते. पप्पांची नसते. पप्पा दरवेळी विचारतात, "काय लिहिलंय?" मी सांगते, "सगळे बरे आहेत, तुम्हाला पण विचारलंय." ते चष्मा शोधतात, म्हणतात, "दाखव बघू." मी म्हणते, "नंतर," आणि पत्र पुस्तकात घालते. ते माझ्याकडे असं बघतात की त्यांना कळलंय हे मला कळतं.

इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. दादासमोर नाही, आईसमोर नाही. म्हणून आता मीच घेते. दादा, पप्पांनी तुझ्या कोटाला हात लावला नव्हता. खिसा मी तपासला. पुढच्या पत्रात तुला माझी चौकशी करायची नसेल तर नको करू, पण त्यांची कर.