कडेला कोण आहे?

इंदूरजवळच्या राऊ गावात आमच्या शाळेसमोर एक झेरॉक्सवाले भिया, म्हणजे इकडचे भैया, आहेत. मी वर्गात शिकवायला पेपरातली व्यंगचित्रं नेते. ते प्रत्येक चित्र चष्मा कपाळावर चढवून आधी नीट बघतात, मगच मशीनवर ठेवतात.

एका चित्रात मंत्री स्वच्छ शहराचं बक्षीस घेत होते. ते पानावर मावेना. मी म्हटलं, "भिया, कडेचं कापा, मंत्री मोठे येऊ द्या."

"मॅडमजी, कडेला झाडूवाली उभी आहे. वोई कट जाएगी," म्हणत त्यांनी अख्खं चित्र लहान केलं.

मला ती दिसलीच नव्हती.

आता प्रत्येक चित्रावर माझा पहिला प्रश्न तोच असतो: कडेला कोण आहे? मुलं विचारतात, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी सांगते, समोरच्या झेरॉक्सवाल्या भियांनी. मुलं हसतात. मग पुन्हा कडेला बघतात.